चित्रकथांतील आर्थर राजा



या मालेत वेदान्तापासून सहकारापर्यंत सर्व भारदस्त विषयांना जागा मिळते, आणि आजच्या संध्याकाळी मी मात्र आपल्यापुढे चित्रकथांची पुस्तके घेऊन उभा आहे. मुलांच्या दप्तरातून जप्त करून कपाटावर टाकून द्यायची वस्तू, असे या पुस्तकांचे स्थान बहुतेक घरांत असते. त्या जप्तीविरुद्ध कैफियत मांडण्याचा माझा विचार नाही. त्यांतली पुष्कळशी पुस्तके जप्त होण्याच्याच लायकीची असतात. परंतु इंग्लंडच्या आर्थर राजाची कथा जेव्हा या चित्रकथाकारांच्या हाती पडली, तेव्हा त्यांच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. तो कोणी टाळला, कोणी भलत्याच वाटेने सोडवला, एकदोघांनी त्याच्याशी समोरासमोर झुंज दिली. त्या झुंजीची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पेच असा की, आर्थरची कथा ही मुळात शेवटाची कथा आहे. दगडात रुतलेली तलवार उपसणारा पोरगा राजा होतो, मर्लिन नावाचा जादूगार त्याचा पाठीराखा असतो, गोल मेजाभोवती शूर सरदार जमतात, कोणी वर नाही, कोणी खाली नाही, असा दरबार भरतो. इथपर्यंतचा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण हे सारे ज्यासाठी रचले आहे तो भाग पुढेच आहे. राजाचा सर्वांत जवळचा सरदार लॅन्सलॉट आणि राणी ग्विनिव्हियर यांचे प्रेम जडते. ते राजाला दिसत असते, आणि दिसत असूनही त्याला पाहायचे नसते. शेवटी ते उघड्यावर आणले जाते, मेजाभोवतीचे सरदार दोन बाजूंना फाटतात, आणि मॉर्ड्रेड, जगापुढे राजाचा भाचा पण वास्तविक त्याचाच मुलगा, राज्य बळकावतो. शेवटच्या रणांगणावर बापाच्या हातून मुलगा मरतो आणि मुलाच्या हातून बाप घायाळ होतो. महाभारतातून स्त्रीपर्व आणि मौसलपर्व काढून टाकले तर उरते ती भाऊबंदकीची एक लांबलचक मारामारी. आर्थरच्या कथेचेही तसेच आहे.

आणि वर्तमानपत्रातली चित्रमालिका? तिचा जन्मच मुळी न संपण्यासाठी झालेला असतो. वाचकाने पुढच्या आठवड्याचा अंक घ्यावा म्हणून तर ती छापतात. ज्या दिवशी राजा मरेल त्या दिवशी चित्रकाराचा पगार बंद! तेव्हा, जिचा प्राण शेवटात आहे अशी कथा, आणि जिला शेवट परवडत नाही अशी कला, या दोघींचे लग्न कसे लागावे?

यावर कोणी म्हणेल, मूळ ग्रंथ असताना या पोरखेळाची चर्चा कशाला? पण मूळ ग्रंथ म्हणजे कोणता? आर्थर नावाचा कोणी पुरुष खरोखर होऊन गेला की नाही, याबद्दल पंडितांचे एकमत नाही, आणि त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ या धर्मपंडिताने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा एक 'इतिहास' रचला, त्यात आर्थर दिग्विजयी सम्राट झाला. त्या आर्थरला गोल मेज नव्हते. ते वास नावाच्या कवीने ११५५ साली फ्रेंच पद्यात आणले. लॅन्सलॉटचे राणीवरचे प्रेम आणि पवित्र पात्राचा शोध या गोष्टी त्याच शतकाच्या उत्तरार्धात क्रेत्यां द त्र्वा या दुसऱ्या फ्रेंच कवीने घातल्या. पुढे पंधराव्या शतकात टॉमस मॅलरी नावाच्या एका सरदाराने तुरुंगात बसून हे सर्व इंग्रजी गद्यात एकत्र केले, आणि विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ साली ते छापून बाजारात आणले. म्हणजे आज ज्याला आपण अभिजात म्हणतो तो ग्रंथही जुन्या फ्रेंच बाडांची जुळवाजुळव करून, ती निवडून, कापून, शिवून तयार झालेला आहे. ज्याने त्याने या घरात आपापली खोली बांधली. चित्रकथाकारांनी विसाव्या शतकात आपली बांधली, एवढेच.

त्यांतला पहिला मोठा कारागीर म्हणजे हॅल फॉस्टर. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात १८९२ साली याचा जन्म झाला. शाळा फारशी झाली नाही. रानावनांत वाटाड्याचे काम केले, सोने शोधत हिंडला, जाहिरातींची चित्रे काढली, आणि चित्रकला नीट शिकावी म्हणून विनिपेगहून शिकागोपर्यंत सुमारे हजार मैल सायकल हाणत गेला. टारझनची चित्रमालिका प्रथम याच्याच हातून उतरली, १९२९ साली. पण दुसऱ्याच्या गोष्टीला चित्रे काढण्याचा त्याला कंटाळा आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःची कथा सुरू केली. तिचे नाव 'प्रिन्स व्हॅलियंट', आणि नावाखाली पुरवणी अशी की हे आर्थर राजाच्या काळातले आहे. पहिले पान १३ फेब्रुवारी १९३७ रोजी छापले गेले. प्रकाशन किंग फीचर्स या संस्थेचे. आपल्या मुलांचा 'वेताळ', म्हणजे ली फॉक याचा फँटम, त्याच संस्थेतून आदल्याच वर्षी निघालेला होता. तो पुढे 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४ पासून आपल्या घरांत शिरला. तेव्हा व्हॅलियंट हा आपल्या ओळखीच्या वेताळाचा धाकटा भाऊच समजायला हरकत नाही.

पण भावाभावांत अंतर किती! फॉस्टरच्या पानावर पात्रांच्या तोंडून निघणारे बोलण्याचे फुगे नाहीत. प्रत्येक चित्राच्या कडेला दोनचार ओळींचे गद्य, आणि चित्र मात्र संपूर्ण मोकळे. वर्तमानपत्राचे अख्खे पान. त्यात समुद्र आहे, दलदल आहे, पावसात भिजलेले घोडे आहेत. स्वयंपाकघरातली भांडी आणि तटबंदीतला चिरान्‌चिरा आहे. हॉवर्ड पाइल आणि वायेथ या आधीच्या पिढीतल्या अमेरिकन चित्रकारांनी आर्थरकथेची जी पुस्तके सजवली होती, त्यांचा वारसा यात दिसतो. कथेचा काळ पाचव्या शतकाचा, कारण हूणांची स्वारी आणि रोमची पडझड तिच्यात येते. पण किल्ले आणि चिलखते मात्र त्यानंतर पाचसात शतकांची. फॉस्टरला हे अजाणता घडले असे नव्हे. वाचकाच्या मनात आर्थरचे चित्र असेच ठसलेले आहे, हे त्याला माहीत होते. मॅलरीनेही आर्थरला आपल्याच काळाचा पोशाख चढवला होता. आपल्याकडे रविवर्म्याच्या तसबिरींतल्या देवी नऊवारी नेसतात, त्यावर आपण कधी तक्रार केली आहे?

आता पेचाकडे येऊ. फॉस्टरने काय युक्ती केली? आर्थरला त्याने नायक केलेच नाही. नायक केला व्हॅलियंट, थूल नावाच्या उत्तरेकडच्या देशाच्या परागंदा राजाचा मुलगा, ब्रिटनच्या दलदलीत वाढलेला. मॅलरीच्या ग्रंथात हे नाव शोधून सापडणार नाही. हा पोरगा कॅमेलॉटला येतो, सर गॅवेनच्या हाताखाली शिकतो, पुढे स्वतः सरदार होतो. आर्थर, लॅन्सलॉट, मर्लिन हे सगळे मागे उभे असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे. लॅन्सलॉट आणि राणी यांचे प्रकरण मालिकेत कधी त्या टोकाला जातच नाही. शेवटची लढाई होत नाही. फॉस्टरच्या सबंध पानांत आर्थर सुखाने राज्य करतो आहे.

म्हणजे त्याने पळ काढला का? पुष्कळ टीकाकार तसे म्हणतील. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा विस्ताराने सांगतो.

एक तर फॉस्टरने शेवटाच्या जागी दुसरे काही ठेवले: त्याने वय ठेवले. वेताळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, टारझनला पिकलेला केस येत नाही. व्हॅलियंट मात्र वाढतो. अगदी आरंभीच दलदलीतली हॉरिट नावाची चेटकीण त्याला भविष्य सांगते की पराक्रम पुष्कळ घडतील, पण समाधान मिळणार नाही. आणि तो घरी येतो तो आई मेलेली असते. मुलांच्या चित्रमालिकेत ही सुरुवात! त्याचे पहिले प्रेम इलीन नावाच्या मुलीवर. तिच्यासाठी तो आणि आर्न नावाचा राजपुत्र एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि ती दोघांनाही मिळत नाही. जहाज फुटून समुद्रात जाते. दोघे प्रतिस्पर्धी रिकाम्या हातांनी मित्र होतात. पुढे व्हॅलियंट अलिटा नावाच्या राणीशी लग्न करतो, ते १९४६ साली, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी. १९४७ साली त्यांना मुलगा होतो, तोही कोलंबसाच्या हजार वर्षे आधी अमेरिकेच्या भूमीवर, आणि त्याचे नाव ठेवतात आर्न. तेव्हा ज्या वाचकाने दहाव्या वर्षी पहिले पान पाहिले असेल तो वीस वर्षांचा झाला होता. नायकही त्याच्याबरोबर पोरवयातून बापपणात आला. इतर चित्रमालिकांत काळ वर्तुळात फिरतो. इथे तो सरळ पुढे जातो, आणि सरळ जाणाऱ्या काळाच्या पोटात शेवट असतोच. तो दाखवला नाही म्हणून नाहीसा होत नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे. फॉस्टरने कॅमेलॉट पाडले नाही, पण तो पाडाव त्याने दुसऱ्या एका किल्ल्यावर घडवला. १९३९ सालच्या पानांत अँडेलक्रॅग नावाचा एक किल्ला येतो. तिथला दरबार गाण्याबजावण्याचा, रसिकांचा, कधीही न हरलेला. त्याला हूणांचा वेढा पडतो. वेढ्यातही त्यांची मैफल थांबत नाही. अन्न संपते. तेव्हा उरलेले लोक शरण न जाता बाहेर पडून शेवटची चढाई करतात. रजपुतांच्या इतिहासात केसरिया करणे म्हणतात, त्याची आठवण होते. त्या सर्वांतून जिवंत राहतो तो पाहुणा म्हणून आलेला एकटा व्हॅलियंट. हे छापले गेले ते वर्ष लक्षात घ्या. युरोपात दुसरे महायुद्ध त्याच वर्षाच्या सप्टेंबरात पेटले. सुसंस्कृत माणसे हरू शकतात, चांगल्या दरबाराला अभय नसते, ही जी आर्थरकथेच्या शेवटाची शिकवण, ती फॉस्टरने एका लहानशा किल्ल्याच्या आडून मुलांच्या हाती दिली. दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली मालिकाही चालू राहिली, आणि कथेचे ऋणही फिटले. माझ्या मते या सबंध कलेतले हे एक अत्यंत निर्भय प्रकरण आहे.

पुढच्या इतिहासात फार रेंगाळत नाही. युद्धात कागदाचा तुटवडा झाला तेव्हा फॉस्टरने पानाच्या तळाशी मध्ययुगीन किल्ल्यातल्या जीवनावर एक वेगळी छोटी मालिका चालवली, संपादकांना जागा कमी करायची असेल तर ती कापता यावी म्हणून! १९५४ साली हॉलीवुडने व्हॅलियंटवर चित्रपट काढला. १९७१ साली फॉस्टरने कुंचला जॉन कलन मर्फी याच्याकडे दिला, १९८० पर्यंत लेखन स्वतः सांभाळले, आणि १९८२ साली तो वारला. चित्रकार मेला तरी मालिका चालूच राहिली. २०१३ साली तिने चार हजारावे पान ओलांडले. मर्फीच्या काळातली एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हॅलियंटचा मुलगा आर्न याने लग्न केले ते मॉर्ड्रेडच्या मुलीशी, आणि १९८७ साली त्यांना मुलगी झाली. मॅलरीच्या ग्रंथात जो राज्य बुडवतो, तो इथे नायकाचा व्याही! बाप आणि मुलगा एकमेकांना मारतात त्या कथेवर चालू मालिकेने काढलेला हा तोडगा. सोयरिकीने वैर मिटवण्याचा प्रयोग आपल्या राजघराण्यांनीही पुष्कळदा करून पाहिला. तो किती वेळा साधला हे इतिहासाचे अभ्यासक जाणतात.

इथवर वर्तमानपत्राची गोष्ट झाली. स्वतंत्र चित्रकथांची मासिके अमेरिकेत नियमित निघू लागली ती १९३४ च्या सुमारास, आणि तिथे आर्थर जरा स्वस्तात विकला गेला. १९४१ साली 'शायनिंग नाइट' नावाचा एक नायक निघाला: आर्थरचा एक सरदार बर्फात गोठतो आणि एकदम विसाव्या शतकात, पंखांच्या घोड्यासह, जागा होतो. त्याच वर्षी आल्बर्ट कँटर याने थोरामोठ्यांचे ग्रंथ चित्रांत देणारी एक माला काढली, तीच पुढे 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' झाली. तिच्यात १९४५ साली मार्क ट्वेनची आर्थरच्या दरबारी गेलेल्या अमेरिकन माणसाची कादंबरी आली आणि १९५३ साली गोल मेजाच्या सरदारांवर १०८ वा अंक निघाला. परीक्षेच्या आदल्या रात्री मूळ पुस्तकाऐवजी हे अंक वाचणारे विद्यार्थी तिथेही पुष्कळ होते. मार्गदर्शके केवळ आपल्याच देशात खपतात असे समजू नका.

१९५४ साल चित्रकथांना फार वाईट गेले. फ्रेडरिक वेर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने त्या वर्षी ग्रंथ लिहून मुलांच्या गुन्हेगारीचे खापर या पुस्तकांवर फोडले, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. भुते गेली, खून गेले, रक्त गेले. मग छापायचे काय? पुढच्याच वर्षी स्टॅन ली आणि चित्रकार जो मनीली यांनी 'ब्लॅक नाइट' काढले. सर पर्सी हा आर्थरच्या दरबारात भित्रा म्हणून हसण्यावारी नेला जाणारा माणूस, काळे चिलखत चढवून मॉर्ड्रेडचे डाव हाणून पाडतो. मनीलीची रेषा फार देखणी आहे. पण मला तिथे एक गोष्ट खटकते. इथे आर्थरचे नाव सोवळ्यासारखे पांघरलेले आहे. राजा आहे, शत्रू आहे, आणि दर अंकाअखेर शत्रू हरलेला आहे. राणी निष्कलंक, दरबार अभंग. ज्यावर कोणाचाही आक्षेप असू शकत नाही असा हा आर्थर, आणि नेमके म्हणूनच त्याच्यात काही उरलेले नाही. पाच अंकांत तो बंद पडला.

जाता जाता एक आडवळण. १९७२ साली जॅक कर्बी या नामांकित चित्रकाराने एट्रिगन नावाचा राक्षस निर्माण केला. कॅमेलॉट पडताना मर्लिन त्या राक्षसाला एका माणसाशी बांधून टाकतो आणि तो माणूस शतकानुशतके जगत राहतो, अशी ती कथा. या राक्षसाचा चेहरा कर्बीने घेतला तो फॉस्टरकडून: १९३७ च्या एका प्रसंगात व्हॅलियंट शत्रूला भिवविण्यासाठी हंसाच्या कातड्याचा मुखवटा करून चढवतो, तोच हा. फॉस्टरने जे सोंग म्हणून काढले ते पस्तीस वर्षांनी कर्बीने खरे करून टाकले. मॅलरीनंतरही आर्थरच्या घरात चोरीचा माल असा उजळ माथ्याने वावरतो.

शेवटाचा प्रश्न ज्याने पुन्हा ऐरणीवर आणला तो लेखक चित्रकथेतला नव्हे. टेरेन्स हॅन्बरी व्हाइट हा आपल्या मुंबईत १९०६ साली जन्मला. वडील इथल्या पोलीस खात्यात होते. लहानपणीच त्याला इंग्लंडला पाठवले. त्याने १९३८ साली आर्थरच्या बालपणावर एक खट्याळ पुस्तक लिहिले, ज्यावरून डिस्नेने १९६३ साली चित्रपट केला. पण व्हाइट तिथे थांबला नाही. पुढचे भाग लिहीत लिहीत १९५८ साली त्याने सगळी कथा एका जाड ग्रंथात पुरी केली, आणि तिच्या शेवटी म्हातारा आर्थर निर्वाणीच्या लढाईच्या आदल्या रात्री टॉम नावाच्या एका पोराला बोलावून सांगतो की तू लढू नकोस, तू जग आणि ही गोष्ट लोकांना सांग. हा टॉम म्हणजेच पुढचा टॉमस मॅलरी, असे सूचित आहे. राज्य जाते, पण ते सांगणारा उरतो. ज्यांनी लहानपणी व्हाइट वाचला आणि चित्रकथाही वाचल्या, त्या पिढीला पंखांच्या घोड्यावर समाधान होणे शक्य नव्हते.

१९८२ च्या अखेरीस 'कॅमेलॉट ३०००' निघाले. लेखक माइक बार हा अमेरिकन, चित्रकार ब्रायन बॉलंड हा इंग्रज. यातली पहिली महत्त्वाची गोष्ट हिशेबाची आहे: अंक बाराच निघतील असे आधीच जाहीर केलेले. न संपणाऱ्या कलेने प्रथमच, निदान आर्थरच्या बाबतीत, शेवटाची तारीख मान्य केली. हे अंक नाक्यावरच्या वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर न जाता थेट चित्रकथांच्या खास दुकानांत गेले, त्यामुळे १९५४ च्या त्या सोवळ्या संहितेचा शिक्काही त्यांना नको होता.

कथा अशी. इ. स. ३००० मध्ये परग्रहावरचे सैन्य पृथ्वीवर चाल करून येते. टॉम नावाचा एक तरुण (नाव ध्यानात ठेवा) पळता पळता ग्लॅस्टनबरीच्या टेकडीखाली आर्थरच्या थडग्याशी पोचतो, आणि राजा जागा होतो. मग त्याचे जुने सरदार शोधायचे. पण ते मेलेले असून नव्या देहांत जन्मले आहेत. पुनर्जन्माची ही कल्पना आपल्याला काही चमत्कारिक वाटणार नाही, पाश्चात्त्य वाचकाला ती फार नवलाची वाटली. गॅलाहॅड जपानी सामुराई झालेला आहे. पर्सिव्हलवर शास्त्रज्ञांनी प्रयोग करून त्याला एका अवाढव्य, मुक्या राक्षसाचा देह दिलेला आहे. आणि ट्रिस्टन, इझोल्डवरच्या प्रेमासाठी मध्ययुगभर गाजलेला वीर, हा स्त्रीच्या देहात जन्मला आहे; आठवण परत येते ती नेमकी बोहल्यावर उभी असताना!

हा ट्रिस्टन म्हणजे या पुस्तकाचा खरा जीव. मन जुन्या सरदाराचे, शरीर स्त्रीचे. इझोल्डही जन्माला आलेली आहे, स्त्री म्हणूनच, आणि तिचे प्रेम यत्किंचितही कमी झालेले नाही. ट्रिस्टनला मात्र ते स्वीकारता येत नाही. पुरुषाचा देह परत देण्याच्या बोलीवर शत्रू त्याला फितवू पाहतो. मुलांचे समजल्या जाणाऱ्या मासिकात १९८२ साली हा प्रश्न इतक्या गंभीरपणे मांडला गेला, हे मला धाडसाचे वाटते. बाकी पुस्तकात ढोबळपणा पुष्कळ आहे. परग्रहवासी कंटाळवाणे आहेत, राजकारणी लोक विदूषकी आहेत. मी ते झाकून ठेवणार नाही.

पण मुख्य जागी लेखक डगमगत नाही. लॅन्सलॉट आणि ग्विनिव्हियर दोघेही नवे जन्म घेऊन आले आहेत, मागचे सगळे त्यांना आठवते आहे, आपल्या हातून एकदा राज्य बुडाले हे त्यांना पक्के माहीत आहे. आणि तरीही तेच घडते. दुसऱ्यांदा. हजारो वर्षांची समज पदरी असून! मॅलरीच्या वाचकाला वाटत असते की, कोणी वेळेवर सावध केले असते तर हे टळले असते. बार म्हणतो, सावध केले होते. शेवटी आर्थर आपली एक्सकॅलिबर तलवार पणाला लावून एका महास्फोटात शत्रूसह स्वतः नाहीसा होतो. पृथ्वी वाचते. लॅन्सलॉट आणि राणी मागे उरतात, एकत्र, आणि ट्रिस्टनही इझोल्डला जशी आहे तशी, आपण आहोत तसे, पत्करतो. बॉलंड इतके बारीक काम करणारा की शेवटच्या अंकासाठी वाचकांना महिनोन्‌महिने तिष्ठावे लागले. तो १९८५ साली हाती आला. अगदी अखेरच्या चित्रांत तीच तलवार कुठल्यातरी अनोळखी ग्रहावर दगडात रुतलेली आहे, आणि एक परका जीव ती उपसतो आहे. राजा मेला; गोष्ट दुसऱ्याच्या हाती गेली. शेवट द्यायचा आणि कथाही मरू द्यायची नाही, असा हा मार्ग.

आता या राजाच्या परत येण्याबद्दल थोडे. आर्थर मेला नाही, संकटाच्या वेळी येईल, ही समजूत फार जुनी. वेल्समधले लोक तिला धरून होते, आणि राज्यकर्त्यांना अशी समजूत कधीच सोयीची नसते. ११९१ च्या सुमारास ग्लॅस्टनबरीच्या मठवासीयांनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले, त्यात मठाला यात्रेकरू मिळाले आणि राजाला आर्थर खरोखर मेल्याचा पुरावा मिळाला. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले हे मानायला आपलेही लोक वर्षानुवर्षे तयार नव्हते, आणि त्या आशेवर एक तोतया चांगला फौजबंद होऊन उभा राहिला, १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत. परतणाऱ्या पुरुषाची वाट पाहणे हे पुण्यकर्म असेलच असे नाही.

याच धोक्यावर किरॉन गिलन या इंग्रज लेखकाने डॅन मोरा या चित्रकाराबरोबर 'वन्स अँड फ्यूचर' ही चित्रकथा रचली. २०१९ ते २०२२ या काळात तिचे तीस अंक निघाले. इंग्लंडातल्या काही कडव्या राष्ट्राभिमानी मंडळींना वाटते की परक्यांच्या गर्दीने देश बुडाला, तेव्हा आपला आर्थर उठवावा. जुन्या म्यानाच्या साहाय्याने ते त्याला उठवतात. तो उठतो, प्रेताच्या रूपात. आणि उठल्यावर त्याला समोर दिसतात ते कोण? अँग्लो-सॅक्सन! आर्थर हा तर ब्रिटनांचा राजा, ज्यांनी जन्मभर सॅक्सनांशीच लढाई केली. त्याच्या लेखी हे भक्तच परके, घुसखोर. तो त्यांनाच कापून काढतो. इतका अचूक टोला मी अलीकडच्या चित्रकथांत पाहिला नाही, आणि तो मारण्यासाठी गिलनला काही बनवावे लागले नाही. जेफ्रीपासून जे लिहिलेले आहे ते नीट वाचले, इतकेच. त्या राजाशी लढायला कोण उभे राहते, तर वृद्धाश्रमातून बाहेर पडलेली, बंदूक बाळगणारी एक फटकळ आजी आणि तिचा अजागळ, पुस्तकी नातू. या कथेत जुन्या भूमिका जिवंत माणसांवर येऊन बसतात, अंगात येते तशा. एकदा का माणूस कोणा सरदाराच्या भूमिकेत सापडला की त्याची सुटका अवघड. राजाला मारणे ही इथे अडचण नाही, त्याची गोष्ट थांबवणे ही आहे.

हे वाचताना मला अँडेलक्रॅगच्या त्या भुकेल्या गवयांची आठवण येत राहिली. फॉस्टरने टाळले म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो ते प्रकरण १९३९ च्या पानांत खरोखर पाहण्यासारखे आहे. फॉस्टरने स्वतः जपलेल्या मूळ छापांवरून या मालिकेची सुंदर पुस्तके २००९ पासून अमेरिकेत निघाली आहेत. मोठ्या ग्रंथालयातून ती मागवता येतात. आपल्या इथल्या वाचनालयाच्या चिटणिसांनी पुढल्या खरेदीच्या यादीत निदान १९३९ चा भाग घालावा, अशी या व्यासपीठावरून मी त्यांना विनंती करतो. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि मान हलवीत आहेत. होकारार्थी की नकारार्थी, ते दिव्यांच्या उजेडामुळे मला इथून नीट दिसत नाही.